कढीपत्त्याचं खत

हेमांगी न्हाणीघरात आली तेव्हा सासूबाई बाळाला पायांवर घेऊन तेल चोळत होत्या.

"आज तेल अंगाला लागतच नाही गं, नुसता फेस होतोय."

हेमांगीने वाकून फेस पाहिला. तिचा नवरा मुकुंद तेलगळती झालेल्या शेतांत जिवाणू घातलेलं शेणखत पसरायचा. ते जिवाणू तेल खात, आणि तेल संपलं की चरबी.

"मुकुंद, तिथलं खत घरी आणलंस?" तिने बाहेर हाक मारून विचारलं.

"कढीपत्त्याला मूठभर. एवढं सोन्यासारखं खत..." तो दारात येत म्हणाला.

"मीच कालवलं की सकाळी मातीत," सासूबाई म्हणाल्या.

हेमांगीने बाळाला ओढून घेतलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं.

"थांब!" मुकुंद ओरडला. "ओल मिळाली की ते दुप्पट खातात."

तेल केव्हाच धुऊन गेलं होतं. बाळाच्या गुटगुटीत मांडीवर फेस मात्र येतच होता.