आठ नसलेला आकडा

“आठाला आत घेऊ नकोस, बाळा. तो आला की सगळी रांग मोडते.”

वजनकाटे दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या बाबांचा हा आवाज लहानपणापासून तिच्या कानात होता. त्याच आवाजाच्या भरवशावर ती आता दवाखान्यात लोकांचं रक्त काढायची. सुईला भिणारं कुणी आलं, की त्याच्या मोकळ्या हाताशी कॅल्क्युलेटर सरकवायची. जीव आकड्यात गुंतला, की सुई आपलं काम उरकून घ्यायची.

आज समोर बसलेली कॉलेजातली मुलगी सुई बघूनच पांढरीफटक पडली.

“तिकडे नको, इकडे बघ. आवडता आकडा?”

“सात.”

“त्याला नवानं गुण. त्रेसष्ट ना? आता त्याला गुणायचं एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशीनं. एकापासून नवापर्यंत सगळे ओळीनं हजर, फक्त आठ नाही.”

पडद्यावर सातच सात उभे राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलीला नवल वाटलं नाही. सुई आत सारता सारता ती सवयीनं गुणगुणली, “सात आले, नऊ आले, आठ कुठं गेले?”

“आठ गेले गावाला, दार उघडे ठेवले,” मुलगी डोळे मिटूनच म्हणाली.

नळीत रक्त चढत होतं. आकडा काय, कुठल्याही पुस्तकात मिळेल. गाणं मात्र बाबांनी तिला मांडीवर घेऊन जुळवलं होतं.

“कुणी शिकवलं तुला?”

“बाबांनी. माझ्यासाठीच केलं होतं. जगात दोघांनाच येतं, म्हणायचे. तुम्हाला कसं येतं, ताई?”

“काय करतात बाबा?”

“काटे दुरुस्त करायचे. सदा फिरतीवर. गेल्या उन्हाळ्यात गेले ते आलेच नाहीत. फोन बंद. आई म्हणते, थाटलं असेल दुसरं घर.”

तिनं सुई काढली. कापूस जरा जोरातच दाबला गेला. फिरती! दर खेपेला तिची आई त्यांची पिशवी भरून द्यायची, आणि ती स्वतः दारात उभी राहून वळणापर्यंत हात हलवायची. कुणाकडे धाडायला?

‘पुस्तकात वाचलं’ एवढं म्हटलं, की ही मुलगी उठून जाईल. बाबा आपले एकटीचेच राहतील.

“ते गाणं पुस्तकात वाचलं होतं मी.”

“म्हणजे तेही खोटंच.” मुलगी बाही खाली करत उठली. “बरं झालं, कळलं. उगाच वाट बघत होते.”

तिनं नळीवर चिठ्ठी चिकटवली. वाकडी बसली. मुलगी दाराशी पोचली होती.

“थांब.”

मुलगी वळली.

“तुम्हाला टाकून नाही गेले ते. वारले. आमच्या घरी, जेवता जेवता. नंतर त्यांच्या फोनवर कुणाचे तरी फोन येत राहिले, ते तुमचेच. मीच बंद केला तो.”