आगाऊ खोली

"माझ्या लायब्ररीचा लचका कुणी तोडला?"

साहेबांचा आवाज ऑफिसच्या काचा हलवून गेला. मुलाचा चहा बशीत सांडला. सूनबाईने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. साहेब, मुलगा आणि सून, तिघेही आर्किटेक्ट. पुढे ऑफिस, मागे घर, आणि आता घरावर नवा मजला चढायचा होता. तासाभरात कॉन्ट्रॅक्टर प्लॅन न्यायला येणार, आणि ऐन वेळी प्लॅनमधली साहेबांची लायब्ररी निम्मी झाली होती. उरलेल्या जागेत भलतीच एक खोली येऊन बसली होती.

ही सगळी त्या नव्या प्रोग्रॅमची कृपा, असं साहेबांचं ठाम मत झालं. त्यांचा जुना प्रोग्रॅम त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये होता आणि पासवर्डही त्यांच्याच डोक्यात. त्यांनी काढलेली रेषा सकाळी होती तिथेच संध्याकाळी सापडायची. मुलाला मात्र इंटरनेटवरचा प्रोग्रॅम हवा होता. एकच प्लॅन, ज्याला दाखवू त्याच्यासमोर उघडा. साइटवरून, घरून, कुठूनही बदलता येणारा.

"कुणीही हात लावायला तो प्लॅन आहे की जिन्याचा कठडा?" साहेब विचारायचे.

बरीच धुसफूस झाल्यावर समेट झाला. नवा मजला नव्या प्रोग्रॅमवर काढून बघायचा. सुरळीत पार पडलं तर सगळं ऑफिस त्यावर न्यायचं. नाही तर मुलाने पुन्हा तो विषय काढायचा नाही. मुलाने सहा महिने या दिवसाची वाट पाहिली होती, आणि आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

साहेबांनी ती खोली पुसून टाकली. हात झटकून ते मागे टेकतात न टेकतात तोच ती परत उगवली. त्यांनी पुन्हा पुसली. ती पुन्हा उगवली, आणि या वेळी येताना आत एक टेबलही घेऊन आली.

"बाबा, शपथ घेतो, मी नाही," मुलाने दोन्ही हात वर केले. सूनबाईनेही केले.

साहेब चष्मा सावरून स्क्रीनवर वाकले. खोलीचं दार गच्चीच्या कठड्यापलीकडे, थेट हवेत उघडत होतं. खिडकीतून बाथरूम दिसणार होतं. टेबल इतकं मोठं, की त्याच्यावर चढल्याशिवाय खुर्चीपर्यंत पोचायची सोय नव्हती.

"हे तुमच्यापैकी कुणाचं असेल तर डिग्री परत करा," ते म्हणाले. "आणखी कुणाला उघडा आहे हा प्लॅन?"

मुलाने कान खाजवला. "आईने मागितला होता. म्हणाली, नुसता बघते."

साहेब ताडताड मागच्या घरात गेले. दारातच त्यांचे पाय थांबले. बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत, समोर मुलाचा जुना टॅबलेट. लहान मुलांच्या पुस्तकांचे अनुवाद ती याच टेबलावर करायची. ताटं मांडायची वेळ झाली की शब्दकोश उचलून खुर्चीवर ठेवायची आणि जेवणं उरकली की पुन्हा टेबलावर. साहेबांनी हे रोज पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. लोकांच्या कुत्र्यांसाठीसुद्धा त्यांनी खोल्या काढल्या होत्या.

"अगं, ही खोली तू..."

"थांबा हो जरा. खुर्ची बसत नाहीये."

साहेबांना स्वतःची लाज वाटली. पण तिची ती बाहेर आलेली जीभ बघून त्यांना हसू आवरेना. "एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले की! दर वेळी तुम्ही म्हणालात, तोंडी नको, प्लॅनवर दाखव." तीही आता हसत होती. "आणि प्लॅन तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कुलपात. दाखवणार कुठे?"

शब्दकोश बाजूला करून साहेब तिच्याशेजारी बसले. त्यांनी दार हवेतून काढून बोळाकडे वळवलं आणि खिडकी बागेच्या बाजूला नेली. टेबलाला हात घातला तशी तिने त्यांच्या बोटावर चापट मारली.

"ते एवढंच राहील. तुमची लायब्ररी अजून थोडी सरकते का बघा."

"सरकव," साहेब म्हणाले.

मुलगा दाराशी येऊन उभा होता. त्याने धीर एकवटला. "मग बाबा, ऑफिसचं काय? जुनाच प्रोग्रॅम ठेवायचा?"

उत्तराऐवजी मागून कॉन्ट्रॅक्टरच आत डोकावला. "नमस्कार साहेब! प्लॅन फायनल आहे ना? देताय ना?"

साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "परवा या. अजून बाईसाहेबांचं काढून व्हायचंय."