नुसती पावडर

"काकू, तुमच्या कॅप्सूलमध्ये औषध नव्हतं," डॉक्टर नम्रता म्हणाल्या. "नुसती पावडर होती. निम्म्या लोकांना खरं अँटिऑक्सिडंट, निम्म्यांना हे. कोणाला काय दिलंय, ते आम्हालाही आजच कळलं."

नीरजाबाई खुर्चीत ताठ बसून होत्या. शेजारी बसलेल्या आमोदने, त्यांच्या मुलाने, मोबाईल खिशात टाकला.

"म्हणजे इतके महिने आईला पिठाच्या गोळ्या चारल्या?"

"अभ्यास होता तो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यावर या औषधाने रक्त पोचायला मदत होते का, ते बघायचं होतं. काकूंना हे सांगूनच सही घेतली होती. खऱ्या औषधाचं काय झालं, ते अजून तपासतोय. पण काकूंची सुधारणा खरी आहे. पहिल्यांदा आल्या तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यातच पोटरी धरून बसल्या होत्या. आज चालायच्या मशीनवर वेळ संपली म्हणून त्यांना आम्हीच थांबवलं."

"मनाची समजूत, दुसरं काय," आमोद म्हणाला. "आई, औषधच नव्हतं म्हणजे आजार जिथल्या तिथे. आता बाणेरला माझ्याकडे चल. लिफ्ट आहे. खाली उतरायचं कारणच नाही."

पाय सुधारला नाही तर येईन, असा शब्द नीरजाबाईंनीच दिला होता. बुधवार पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना आमोदने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

"डॉक्टर," नीरजाबाईंनी विचारलं, "रोज चाला, पोटरीत कळ आली की थांबा, कळ गेली की पुन्हा चाला, हे तुम्ही सगळ्यांनाच सांगितलं होतंत ना?"

"सगळ्यांनाच. ऐकलं थोड्यांनी."

"त्यात तर पावडर नव्हती?"

डॉक्टर हसल्या. "नाही. ते तुम्ही केलंत."

"ऐकलंस?" नीरजाबाई मुलाकडे वळल्या. "गोळीत काही नव्हतं. मग चाललं कोण?"

खाली येऊन आमोदने गाडीचं दार उघडून धरलं.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

संध्याकाळची वेळ. रस्ता गाड्यांनी तुंबलेला. बुधवार चौकाच्या अलीकडे उजव्या पोटरीत कळ आली. आत कोणी फडकं पिळावं तशी. नीरजाबाई एका दुकानासमोर थांबल्या. सुरुवातीला अशी कळ आली की त्या काचेतले स्पीकर न्याहाळत राहायच्या, कोणी कीव करू नये म्हणून. आज त्यांनी काचेकडे पाहिलंही नाही. रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"काय दाखवू आजी?" दुकानदाराने विचारलं.

"काही नको. पाय दुखतोय. दुखायचा थांबला की जाते."

आमोदची गाडी रांगेतून सरकत शेजारी आली. त्याने काच खाली केली. "दुखतंय ना? बस आत."

"दुखणारच. मी बरी झाले असं कुठे म्हणतेय?"

मागच्या रिक्षाने हॉर्नचा सपाटा लावला. आमोदला पुढे जावं लागलं. पण चौकातला सिग्नल पुन्हा लाल झाला आणि गाडी तिथेच अडकली. पोटरी सैल पडल्यावर नीरजाबाई निघाल्या, गाडीच्या पुढून रस्ता ओलांडला आणि आपल्या गल्लीत वळल्या. जिन्यात त्या पुन्हा थांबल्या, कठडा धरून. दुसऱ्या मजल्यावर तर चांगल्याच थांबल्या. मग वर गेल्या.

गाडी लावायला जागा मिळेपर्यंत आमोदचा बराच वेळ गेला. तो जिना चढून वर आला तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. नीरजाबाईंनी चहा गाळून ठेवला होता. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"आधी दम खा," त्या म्हणाल्या. "मग त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव."