हशाची जागा

"हे सात सेकंद काप," निर्माता म्हणाला, "नाहीतर मी तुझं नाव कापतो."

एडिटरने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. समोर पडद्यावर हॉस्पिटलच्या खाटेवरची म्हातारी डोळे मिटून म्हणत होती, "देवा, आम्हा दोघांपैकी आधी मला ने." दारात तिचा नवरा जेवणाचा डबा घेऊन उभा. तो छताकडे बघून म्हणतो, "ऐक रे बाबा तिचं. मी चाळीस वर्षं ऐकतोय." म्हातारी डोळे उघडते आणि त्याच्याकडे बघतच राहते. आपण हे काय बोलून बसलो, ते म्हाताऱ्याच्या हळूहळू लक्षात येतं. सात सेकंद कुणी काही बोलत नाही.

"जीवच नाही त्यात," निर्माता म्हणाला. "दहा वेळा बघितलं. एकदाही हसू आलं नाही."

"इथे आपण दोघंच आहोत. तिथे चारशे जण असतील. त्यांना हसायला जागा नको? पुढचं वाक्य घाईने आणलं तर ते हशात बुडून जाईल."

"आणि हसलेच नाहीत तर?"

"तर दुसरा एडिटर बघा. माझं नाव काढून टाका."

बोलून गेला खरा, पण हा त्याचा पहिलाच सिनेमा होता आणि वय एक्केचाळीस. त्याआधीची बारा वर्षं त्याने हातात माइक घेऊन एकट्याने लोकांना हसवण्यात घालवली होती. पोस्टरवर नावाच्या जागी 'नास्तिक' एवढंच छापलेलं असायचं. देव हा त्याचा हक्काचा विषय. घरी बसून आपल्याच कार्यक्रमांची रेकॉर्डिंग कापता कापता त्याला कळलं, की लोक आपल्या बोलण्यावर हसतात त्याहून जास्त आपल्या थांबण्यावर हसतात. मग त्याला त्या थांबण्याचाच नाद लागला आणि माइक सुटला.

लोकांना तो एवढंच सांगायचा. पण आणखी एक गोष्ट होती. आई त्याच्या कार्यक्रमाला एकदाच आली होती, पहिल्या रांगेत. देवावरच्या पहिल्याच विनोदाला ती उठली, पर्स घेतली आणि सरळ बाहेर चालती झाली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. लोक पोट धरधरून हसले. तेवढा हशा त्याला पुन्हा कधी मिळाला नाही, आणि तेवढी लाजही कधी वाटली नाही. देव नाही, यावर तो आजही ठाम होता. आहे, यावर आई ठाम होती. एका घरात राहून दोघं दुधाबद्दल आणि औषधांबद्दल बोलत.

शनिवारी दुपारी तीनला निमंत्रितांसाठी खेळ ठेवला होता. दिवे मालवायच्या आधी निर्मात्याने डोळे मिटून हात जोडले. एक डोळा उघडून म्हणाला, "आज तरी जोड रे बाबा."

"जोडले असते हो. पण मग सिनेमा चालला तर श्रेय कुणाचं, यावर भांडण व्हायचं."

तो पुढच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पडद्याकडे पाठ करून बसला. बारा वर्षांची सवय, माणसांकडेच बघायची. पण इथे अंधार. चेहरा एकही दिसेना. कान टवकारून बसण्याशिवाय इलाज नव्हता.

"मी चाळीस वर्षं ऐकतोय," पडद्यावरचा म्हातारा म्हणाला.

एक सेकंद. काही नाही. दुसरा सेकंद. कुणीतरी खोकलं. गेलं, एडिटरच्या मनात आलं, सगळं मुसळ केरात गेलं.

तिसऱ्या सेकंदाला मागून, पार दाराजवळून, एका बाईचं हसू आलं. तोंडावर हात दाबूनही निसटावं तसं. मग तिच्या शेजारचं कुणी हसलं, मग रांग, मग अख्खं थिएटर. चार, पाच, सहा. हशा ओसरायला आणि सातवा सेकंद संपायला एकच गाठ पडली. आणि त्या शांततेत म्हातारीचं वाक्य लख्ख ऐकू आलं, "मग डब्यातलं आधी तू खा."

त्यानंतर जे झालं त्याला हशा म्हणणंही कमीच. निर्मात्याने त्याला अंधारातच मिठी मारली.

"सातचे आठ करूया का?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"नाही. सातच."

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक त्याच्याशी हात मिळवून निघून गेले. शेवटच्या रांगेत दाराला लागून आई बसली होती. मांडीवर पर्स. तिला त्याने बोलावलं नव्हतं; फक्त खेळाचा पास जेवणाच्या टेबलावर मुद्दाम विसरला होता. तो तिच्या शेजारी जाऊन बसला. त्याचा ऊर आनंदाने भरून आला होता आणि ते तिला दिसावं असं त्याला फार वाटत होतं.

"दाराजवळ बसलीस?"

"म्हटलं, उठावं लागलं तर बरं." तिने पर्सची चेन उगीचच उघडली, लावली. "मध्यंतरात तुझा निर्माता सगळ्यांना सांगत सुटला होता. खोलीत कुणी नसताना तू म्हणे न दिसणाऱ्या माणसांसाठी जागा राखून ठेवलीस. कुणाचंही ऐकलं नाहीस. म्हणे ती येणारच."

"हो."

"आणि म्हणे नास्तिक."

आयुष्यभर तो याच वाक्याची वाट बघत असावा, इतकं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं.

"फरक आहे, आई. माझी आली."

आई उठली. पर्स खांद्याला लावली.

"आली कसली," ती म्हणाली. "आधी मी हसले, मग बाकीची आली."