बिनदाराची खोली

रविवारी चर्चहून आल्यावर मार्लीनने तिच्या तरुणपणी गाजलेला भयपट पुन्हा लावला आणि लेकीला, केल्सीला, शेजारी बसवलं. पडद्यावरची आई वयात आलेल्या पोरीला खोलीत कोंडत होती आणि पोरगी नुसत्या नजरेने काचा फोडत होती.

“बघ. मी तरी तुला कधी कोंडलं नाही.”

“कोंडशील कशी? माझ्या खोलीचं दार तूच बिजागऱ्यांतून काढून गॅरेजमध्ये ठेवलंयस.”

“तोंड आवरलं असतंस तर ती वेळ आली नसती. राहू दे तिथंच.”

मग सिनेमा संपेपर्यंत केल्सी पडद्याकडे नाही, आईकडेच बघत राहिली.

मार्लीन उठून आपल्या खोलीत गेली आणि भर दुपारी तिने दार आतून लावून घेतलं.

बाहेरून केल्सीने शांतपणे विचारलं, “आई, तो स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलायस गं?”