ताक्यावरची खूण

१९९९ सालच्या श्रावणात, दिवाळीच्या साड्यांची खरेदी तोंडावर आली असताना, बन्सीलालशेठनी पेढीच्या वेबसाइटवरून हर्षदाचं नाव पुसायला सांगितलं.

"पानाच्या तळाशी 'बनवणारी हर्षदा सुपडू महाजन' हे कशाला? गिऱ्हाईक पेढीकडे येतं की तुझ्याकडे?" शेठ गादीवरून म्हणाले. घराणं मूळचं खानदेशी, पण तीन पिढ्या सुरतेत मुरलेलं. "गजेंद्र, जिथं जिथं हिचं नाव असेल, तिथून साफ काढ. तुझं टाक."

गजेंद्र शेठचा भाचा. कॉम्प्युटरचा क्लास अर्ध्यात सोडून मामाकडे आलेला.

तेव्हा वेबसाइट म्हणजे काय, हे मार्केटातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ती उभी केली हर्षदानं. शहराच्या कडेच्या गोडादऱ्याहून भरलेल्या रिक्षात अंग चोरून येणारी ही पोरगी. बाप सुपडू उधन्याला लूमवर कापड विणायला. नागपूर, इंदूरचे व्यापारी तिकडं बसून शेठच्या साड्या बघायला लागले ते तिच्यामुळं.

सुरुवातीला फार रखडायचं. व्यापाऱ्यानं पान उघडलं की प्रोग्राम डेटाबेसला, म्हणजे मालाची सगळी माहिती असते त्या कोठाराला, नव्यानं जोडला जायचा, माहिती आणायचा आणि कनेक्शन तोडायचा. तेवढ्यात व्यापाऱ्याचा चहा निवायचा. हर्षदानं थोडी कनेक्शनं कायमची जोडून ठेवली. जो येईल त्याला तयार कनेक्शन. पण ही कनेक्शनं काही वेळ वापरली नाहीत की आपोआप मरायची. मग तिनं प्रोग्रामला सवय लावली. मिनिटामिनिटाला त्यानं डेटाबेसातली एक ओळ मागायची. मिळाली तर कनेक्शन जिवंत. नाही मिळाली तर मेलं समजून तोडायचं आणि दुसरं जोडायचं.

माल नि भाव रोज बदलणारे. म्हणून तिनं कुणी हात लावणार नाही अशी एक वेगळी ओळ केली. तिच्यात काय लिहावं, हे ठरेना. त्या संध्याकाळी सुपडू भाकरी मोडत सहज म्हणाला, "आम्ही लूमवरून कापडाचा ताका उतरवतो ना, तवा काठाले खूण करतस. ज्याना ताका, त्यानी खूण." दुसऱ्या दिवशी हर्षदानं त्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.

आता गजेंद्र एकेक ठिकाण शोधून ते पुसत होता.

"गजेंद्रभाई, पानावरून काढा," हर्षदा म्हणाली. "पण डेटाबेसातली ती ओळ पुसू नका. सगळी कनेक्शनं तिच्यावर जिवंत आहेत."

"वा रे वा! हर्षदाबेनच्या नावावर सुरतचं मार्केट चालतंय!" गजेंद्र खदखदून हसला आणि त्यानं ती ओळ अख्खीच उडवली. शेठही हसले.

हर्षदानं डबा पिशवीत टाकला. "खूण पुसलीत ना, शेठ? मग आता ताका तुमचा. चालवा."

ती जिना उतरेपर्यंत वेबसाइट बंद पडली. प्रोग्राम ओळ मागे, ओळ मिळेना. कनेक्शन तोडे, नवं जोडे, पुन्हा मागे, पुन्हा तेच. व्यापाऱ्यांचे फोन खणखणायला लागले. गजेंद्रनं मशीन बंद करून चालू केलं, वायरी हलवल्या. शेठनी मशीनपुढं उदबत्तीसुद्धा लावून पाहिली.

तिसऱ्या दिवशी गोडादऱ्याच्या गल्लीत शेठची मोटार शिरली. सुपडूच्या खोलीत खाटेच्या कडेवर शेठ बसले, घाम पुसत.

"चल पोरी. ते तुझं नाव परत घाल. त्याच्याबिगर चालत नाही, मला कळलं."

"ओळ घालावी लागेल, शेठ."

"घाल की! आणि पानाच्या तळाशी पण राहू दे, बस?"

सुपडूनं तंबाखू मळता मळता लेकीकडं पाहिलं. हर्षदा उभीच होती.

"तळाशी नाही. आता वर. पेढीच्या नावाच्या खाली."

"वर?" शेठ ओरडले. मग बाहेर उभ्या मोटारीकडं बघत हळूच म्हणाले, "बरं. वर."

गजेंद्रनं पुढं कामरेजला भरतकामाची मशिनं टाकली. त्याचं बरं चाललंय, कॉम्प्युटरच्या वाटेला मात्र तो जात नाही. सुपडू गेला, त्याच्या खुणा असलेलं कापड कुठल्या कुठल्या गावी नेसून फाटून गेलं. पेढी नातवांकडं आली. दर चार-दोन वर्षांनी नवे इंजिनिअर येत, वेबसाइटचं रूप पालटत. म्हातारे शेठ स्वतःच्या नातवांची नावं विसरायला लागले होते, तरी गादीवरून न चुकता सांगत, "बाकी काय बी बदला, त्या पोरीच्या नावाला हात लावायचा नाही. दुकान बंद पडतं." ते सांगता सांगताच ते गेले.

हर्षदाचं आज उधन्याला स्वतःचं ऑफिस आहे. केस पिकलेत. हाताखालच्या पोरी कधी कधी ती गोष्ट सांगायला लावतात. ती सगळं सांगते, एक सोडून.

त्या ओळीत कुठलंही नाव चाललं असतं. अगदी गजेंद्रचंसुद्धा. जागा रिकामी नको होती, एवढंच.