कोणाच्या खात्यातून?
स्वतःचे गुण वाढवल्याच्या आरोपावरून एका विद्यार्थिनीला कॉलेजातून काढायचं ठरलं होतं. फक्त संगणक विभागाच्या बाईंचा अहवाल यायचा होता. बाईंनी ऑनलाइन वर्गाच्या नोंदी उघडल्या आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. गुण वाढवले होते खुद्द त्यांच्या खात्यातून, रविवारी दुपारी, घरच्या लॅपटॉपवरून. तेव्हा घरी लेक एकटीच होती, त्याच मुलीची जिवलग मैत्रीण. आणि बाईंचा पासवर्ड म्हणजे लेकीचीच जन्मतारीख. त्यांनी लेकीला फोन लावला. “आई, ती नापास झाली असती गं,” लेक रडू लागली. “तिला यातलं काहीच माहीत नाही.” बाईंनी फोन ठेवला. तेवढ्यात प्राचार्य आत आले. “सापडला पुरावा?” बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. “सापडला, सर. त्या मुलीला उद्यापासून वर्गात बसू द्या. आणि माझं खातं आत्ताच बंद करा.”